कशेळ्यापुढच्या वाडीत, एक पत्र दुसऱ्यांदा वाचायला

माझ्या नातीला, सईला, कॉलेजात काम दिलंय: लढाईच्या दिवसांच्या आठवणी म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून मोबाइलवर भरून घ्यायच्या. ती म्हणाली, "आजी, तुझ्या माहेरच्या हौसाबाईंकडे जाऊ." दोन दिवस मी गुडघ्याचं निमित्त केलं. खरं कारण आधीच सांगून टाकते.

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या शेजारच्या या हौसावहिनीचा नवरा सीमेवर होता. वाडीत वाचता येणारी बाई मी एकटी, तीही चौथीपर्यंतच शिकलेली. त्याचं शेवटचं पत्र मीच वाचून दाखवलं. त्यात होतं, 'मी आलो नाही तर बसून राहू नकोस. पाट लाव, दुसरं घर कर.' जित्या माणसाचं मरण तोंडातून कसं काढायचं? समोर त्याची आई बसलेली. मी वाचलं, "होळीला येतो, तोवर घर सोडू नको." पंधरा दिवसांत तार आली.

शेवटी निघालो. खोपोलीहून सकाळची गाडी धरली. कर्जतला चहा-वडापाव आणि बाकीचं सगळं स्टेशनातच उरकून घ्या, पुढे सोय मिळेल याचा भरवसा नाही. कशेळ्याची जीप भरल्याशिवाय हलत नाही. माणशी चाळीस रुपये देऊन चौघींच्या जागेत सहा जणी.

"आजी, जरा सरका," जीपवाला म्हणाला.

"कुठं सरकू रं, तुझ्या मांडीवर?"

कशेळ्यापुढे अर्धा तास चाल. छत्री न्या, सावली नाही. हिरवळीचे फोटो हवे असतील तर श्रावणात जा. आम्हाला पेरणीआधी पालापाचोळा जाळून, राब भाजून काळी झालेली शेतंच दिसली.

वहिनी ओटीवर चिंचा फोडत होती. सईने मोबाइल पुढे ठेवला.

"काय सांगू पोरी. त्यांनी लिवलं व्हतं, घर सोडू नको. नाय सोडलं. दहिवलीचा एक बिजवर आलेला, चांगला व्हता. दीर बी हो म्हणलेला. मीच नको म्हणलं."

सईचे डोळे भरले. मी उगीच चिंचेची टरफलं गोळा करायला लागले.

वहिनीने आतून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पत्र आणलं. सईने हात पुढे केला, तर दिलं नाही. "सुमन वाचंल. तिच्याच तोंडून ऐकलंय."

चष्मा लावला. जुनंच पुन्हा म्हणता आलं असतं. पण दोघींचे किती दिवस उरलेत? जसं होतं तसं वाचलं.

"परत वाच."

परत वाचलं.

"तवा असं का नाय वाचलंस गं?"

"अभद्र वाटलं. आणि तुझी सासू होती."

ती पुन्हा चिंचा फोडायला लागली. फोडता फोडता म्हणाली, "दहिवलीवाला गेल्या साली मेला."

"वहिनी, चुकलं माझं."

"आता कशाला?" मग सईकडे वळली. "मगाचं पुसू नको पोरी. त्ये बी ऱ्हाऊ दे, आताचं बी."

जेवायला थांबा असं ती म्हणाली नाही.

तुम्हीही कुणाच्या आठवणी भरून घ्यायला जाणार असाल, तर घरात कागद असेल तो आधी मागा. आमच्यासारख्या पाठ झालेलं सांगतात, आणि खरं समजूनच सांगतात.

घरी सईने सगळं वहीत उतरवलं. "चुकीचं वाचणारीचं नाव घालू?" तिने विचारलं. घाल म्हणाले. भाऊ गेले, भावजया गेल्या. माहेर म्हणून जायला वाडीत ते एकच घर उरलं होतं.