पिण्याचं पाणी वेगळं

आमची गाडी म्हणजे मूळची एका शाळेची मिनीबस. शाळेने नव्या बस घेतल्या तेव्हा ही जुनी पिवळी बस संगमनेरच्या एका गॅरेजमागे उन्हात उभी होती आणि माझ्या नवऱ्याने ती हेरून ठेवली होती. त्यांची सगळी नोकरी दूध संघात गेली, थंड टाक्यांच्या यंत्रांवर. निवृत्त झालो की गाडीतच घर करायचं आणि वाट फुटेल तिकडे जायचं, हे त्यांच्या मनात कधीपासून होतं कोण जाणे. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मुलगा पुण्यात संसाराला लागला होता. मला आडकाठी करायचं काही कारण नव्हतं.

बस त्यांनी स्वतः आतून रिकामी केली. पलंग झाला, ओटा झाला, टपावर सोलरचं पॅनल आलं. पण खरा जीव ओतला तो पाण्यात. गाडीच्या पोटाखाली एक मोठी टाकी बसवली, ती भांड्यांना आणि अंघोळीला. पिण्याच्या पाण्यासाठी दूध संघातून निघालेले स्टीलचे दोन कॅन आणले, तळाशी तोटी जोडून घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटमागे पट्ट्याने आवळून बांधले. कॅन वर्षानुवर्षं दुधाचे होते, म्हणून कॅनवर त्यांचा विश्वास होता. निघायच्या आधी ते कॅन सोडा टाकलेल्या गरम पाण्याने धुवायचे, खळबळून काढायचे आणि गच्चीवर उन्हात उपडे घालायचे. मग गाळलेलं पाणी, त्यात क्लोरीनचे थेंब, आणि थोडा वेळ झाकण लावून थांबायचं. कॅनमध्ये पेला बुडवायचा नाही. एका टाकीची नळी दुसरीला लावायची नाही. उन्हाळ्यात कॅनभोवती ओलं बारदान गुंडाळायचं. हे सगळं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी म्हणाले, अहो, मी शिक्षिका आहे, एकदा सांगितलेलं कळतं मला.

गाडीला पांढरा रंग देऊन झाला त्याच सुमारास त्यांचे पाय सुजायला लागले. दिवसभर उभं राहून वेल्डिंग करताय, सुजणारच, असं मी म्हणायचे. मग तोंडावर सूज आली, जेवण जाईना. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ कामातून गेली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यावर डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली. पाणी मोजून प्यायचं. दिवसभरात एक छोटी बाटली, आणि चहा, ताक, आमटीचा रस्सा, सगळं त्या बाटलीतच धरायचं.

बाहेर आल्यावर त्यांनी रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, “म्हणजे कॅन एकच पुरला असता.”

मला वाटलं, गाडी आता दारातच गंजणार. पण पहिले काही महिने सरले, अंगाला डायलिसिसची सवय झाली आणि एक दिवस त्यांनी स्वतःच विषय काढला. दोन डायलिसिसच्या मध्ये आपल्याला वेळ असतो, त्या वेळात जेवढं जाऊन येता येईल तेवढं जाऊ. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जायची गाडी मग आमच्या जिल्ह्यातच फिरायला लागली. भंडारदऱ्याला गेलो, मुळा धरणाच्या पाणलोटाकडे गेलो, पुणतांब्याला गोदावरीच्या काठी राहिलो. जिथे वीज नाही, नळ नाही, अशीच जागा ते शोधायचे. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं आणि पुढच्या पाळीला परत यायचं. त्यांना फार वेळ चालवता येईना म्हणून त्यांनी मला गाडी शिकवली. पन्नाशी उलटल्यावर मी मिनीबस चालवायला शिकले, हे आमच्या चर्चमधल्या बायकांना अजून खरं वाटत नाही.

तहान काय असते हे मी त्या दिवसांत पाहिलं. ते कधी तक्रार करायचे नाहीत. तोंडात लवंग धरायचे. ओला रुमाल ओठांवर ठेवायचे. चूळ भरून थुंकून टाकायचे, आणि थुंकताना त्यांच्या गळ्याची घाटी नुसतीच खालीवर व्हायची. जेवणात मीठ कमी, कारण मिठाने तहान वाढते. माझ्या अळणी आमटीला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. गाडीत दोन कॅन भरून स्वच्छ, गार पाणी, आणि ज्यांनी ते जपलं त्यांच्या वाट्याला बाटलीभर.

मला त्यांच्यासमोर पाणी पिणं जमेना. गाडीमागे जाऊन मी घाईघाईने प्यायचे, कधी झाडाआड, कधी ते डुलकी घेत असताना. तोटीचा आवाज होऊ नये म्हणून पेला तिरका धरायचे. मुळा धरणाच्या काठी एका दुपारी त्यांनी मला पकडलं. मी गाडीच्या पलीकडे उभी राहून पीत होते आणि ते काठी टेकत तिथे आले.

“असं चोरून का पितेस?” त्यांनी विचारलं.

मी पेला पाठीमागे धरला.

“माझ्यासमोर पी. तू पाणी पिताना पाहिलं की मला बरं वाटतं. एवढं सगळं कुणासाठी केलं मी?”

मी त्यांच्यासमोर बसून पेलाभर पाणी प्यायले. ते माझ्याकडे पाहत होते. एकेक घोट घेत मी ते संपवलं. त्यानंतर मी कधी लपून प्यायले नाही. ते सोपं मात्र कधीच झालं नाही.

आमचा शेवटचा मुक्काम पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरच्या पुढे आत एका माळावर झाला. उन्हाळा सुरू झाला होता. गवत वाळून पांढरं पडलेलं आणि सगळीकडे वारा. माळ एका म्हातारीचा होता. तिची वस्ती जवळच होती, मुलं कामाला सुप्याच्या कारखान्यात. गाडी उभी करायची परवानगी मागितली तेव्हा ती म्हणाली, राहा की, जागेला काय होतंय. विहीर आटली होती. टँकर यायचा त्याचं पाणी ती एका निळ्या पिंपात भरून ठेवायची आणि त्यावर फडकं बांधायची. आमच्याकडे पाणी आहे, तुम्ही आमची काळजी करू नका, हे मी तिला आधीच सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती आमच्याकडे आली. एका हातात पितळी तांब्या, दुसऱ्या हातात वाटी, वाटीत गुळाचा खडा. माळावर उतरलेल्या माणसांना घोटभर पाणीही विचारलं नाही, हे तिला रात्रभर लागून राहिलं होतं. माझे यजमान गाडीच्या सावलीत खुर्चीवर बसले होते. तिने गूळ त्यांच्या हातावर ठेवला आणि तांब्या पुढे केला.

मी लगेच म्हणाले, “आजी, त्यांना पाणी चालत नाही. डॉक्टरांनी मना केलंय.”

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. “पानी चालत न्हाई? आसं कुटं आसतंय व्हय, बाई?”

मी तिला समजावून सांगायला लागले. आजार काय, यंत्र काय, पाणी अंगात कसं साचतं. तिने ऐकून घेतलं, पण तिचा चेहरा उतरला. आपल्या पिंपातलं पाणी आम्हाला नको आहे आणि मी काहीतरी सबब सांगते आहे, असं तिला वाटलं असावं. तांब्या हळूहळू खाली जायला लागला. तेव्हा त्यांनी हात पुढे करून तो घेतला.

“अहो,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ना हट्ट होता, ना विनवणी. त्यांनी फक्त ठरवलं होतं. गूळ तोंडात टाकला आणि तांब्या ओठांना लावला. एक घोट घेऊन ते थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. डोळे मिटून, सावकाश, ते सगळा तांब्या प्यायले. वर्षभरात मी त्यांना असं पिताना पाहिलं नव्हतं. हनुवटीवरून थोडं पाणी ओघळलं, ते त्यांनी बोटाने टिपून ओठांवर लावलं. मी तांब्या हिसकावू शकले असते. मी जागची हलले नाही.

“लई तान लागली हुती की तुमाला,” म्हातारी म्हणाली. आता ती हसत होती.

“हो,” ते म्हणाले. “गोड आहे तुमचं पाणी.”

ती रिकामा तांब्या घेऊन गेली. त्यांनी त्या दिवसाची उरलेली बाटली माझ्या हातात दिली, आज नको म्हणाले. पण संध्याकाळी पाय फुगले आणि आडवं होता येईना. बसल्या बसल्याच श्वास लागत होता. मी सामान गोळा केलं, म्हातारीला हाक मारून निघतो म्हणून सांगितलं आणि गाडी काढली. आमचा संगमनेरचा दवाखाना लांब पडला असता म्हणून कल्याण-नगर रस्त्याने सरळ नगर गाठलं. भाळवणीच्या पुढे मी गाडी रडत चालवत होते. ते शेजारच्या सीटवर पुढे वाकून बसले होते आणि मला गिअर सांगत होते.

नगरच्या दवाखान्यात त्यांना लगेच यंत्रावर घेतलं. तिथले तरुण डॉक्टर चिडले. इतकं पाणी, वर गूळ, तुम्हाला जगायचं आहे का नाही. ते मान खाली घालून ऐकत होते, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे. डॉक्टर गेल्यावर मी त्यांच्या पायांशी बसले. मला रागवायचं होतं.

तेच म्हणाले, “तिला पाणी परत न्यायला लागलं असतं.”

“आणि तुम्हाला काही झालं असतं तर?”

“ते होणारच आहे,” ते म्हणाले, “पण मी प्यायलो, बरं का. पोटभर प्यायलो.”

त्या वेळी ते बरे होऊन घरी आले, पण गाडी पुन्हा निघाली नाही. हृदय दमलं होतं. डायलिसिससाठी शस्त्रक्रिया करून हातात तयार केलेली नस बंद पडली, मग दुसऱ्या हाताला केली, मग गळ्याला नळी घातली. पावसाळा असाच गेला. नाताळ जवळ आला तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, प्रभुभोजन द्यायला घरी आले. भाकरीचा तुकडा आणि इवल्याशा पेल्यात द्राक्षरस. त्यांनी पेला हातात घेतला आणि विचारलं, “पाळकसाहेब, हा माझ्या बाटलीत धरायचा का?” पाळकांना हसावं की काय ते कळेना. मुलगा उठून स्वयंपाकघरात गेला.

नाताळ त्यांनी पाहिला. नवं वर्ष लागल्यावर काही दिवसांनी, सकाळी, माझा हात हातात असताना ते गेले. शेवटचे दोन दिवस त्यांना गिळता येत नव्हतं. नर्सने सांगितलं होतं तसा मी कापूस भिजवून ओठ ओले करत होते.

गाडी दारात उभी राहिली. मुलगा म्हणायचा, आई, ती बघून तुला त्रास होतो, कुणाला तरी देऊन टाकू. मी वर्षभर ऐकलं नाही. मग कोपरगावचं एक तरुण जोडपं विचारत आलं. दोघंही कॉलेजात शिकवणारी, सुट्ट्यांत फिरायचं म्हणणारी. त्यातली मुलगी गाडीत चढली, ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, किती मायेनं बांधलंय हो. त्या एका वाक्यावर मी गाडी द्यायची ठरवली.

ती दोघं गाडी न्यायला आली त्या दिवशी मी त्यांना सगळं दाखवलं. सोलरचं बटण, गॅसची तोटी, मागच्या दाराची अवघड कडी. मग पाण्यावर आले. खालची टाकी अशी रिकामी करायची, पिण्याचं पाणी वेगळं ठेवायचं, कॅन सोड्याने धुऊन उन्हात घालायचे, थेंब टाकल्यावर थांबायचं. मी बोलत होते आणि माझ्या तोंडून वाक्यं मात्र त्यांची निघत होती, त्यांच्याच क्रमाने. तो तरुण मोबाईलमध्ये टिपून घेत होता.

“काकू,” त्याने मध्येच विचारलं, “दोन माणसांना दिवसाला पिण्यासाठी साधारण किती पाणी धरायचं?”

मी तोंड उघडलं, आणि मला सांगता येईना. आम्ही दोघं इतके मुक्काम राहिलो. कॅन भरले ते मी, रिकामे केले ते मी. पण दोन निरोगी माणसांना दिवसाला किती पाणी लागतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. तो वाट पाहत होता. त्या मुलीला काहीतरी समजलं असावं, तिने त्याच्या हाताला हात लावला.

“तुम्ही दोन्ही कॅन भरून न्या,” मी म्हणाले. “लागेल तेवढं प्या.”

त्यांनी गाडी बाहेर काढली. वळणावर त्या तरुणाला गिअर सापडेना, गाडी एकदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली. मी फाटकाशी उभी होते. मग नाशिक रस्त्याच्या गर्दीत ती दिसेनाशी झाली आणि मी घरात आले.