मोत्यांचा बाजार

साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास वाऱ्यावर आला की मला बारामतीतल्या आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब आठवते, कारण त्या दिवशीही खिडक्यांतून तोच वास आत येत होता. कुणालाही दुरुस्त करता येतो असा इंटरनेटवरचा ज्ञानकोश कितपत भरवशाचा आहे, हे तपासायचा प्रकल्प सरांनी आम्हाला दिला होता. लासुर्ण्याहून एसटीनं येणारी माझी मैत्रीण आणि मी, आम्ही तिच्या गावाच्या पानावर मुद्दाम एक खोटं वाक्य घातलं, की इथे पूर्वी मोत्यांचा बाजार भरायचा. चहा पिऊन परत येतो तोवर कुणा अनोळखी माणसानं ते काढून टाकलं होतं, वर ‘कृपया पुरावा द्यावा’ अशी नम्र सूचनाही लिहून ठेवली होती. मैत्रीण हरखून म्हणाली, “सर, त्यांनी लगीच पकडलं की!” सर वैतागले. “हा ज्ञानकोश भरवशाचा नाही, असा माझा निबंध परिषदेला गेलाय. चूक आठवडाभर तशीच राहिली असं लिहा आणि सह्या करा.” ती म्हणाली, “न्हाय सर, खोटं हाय ते,” आणि तिनं पेन खाली ठेवलं. मी मात्र मार्कांसाठी सही केली. तिला प्रकल्पात नापास केलं. त्या निबंधासाठी सरांचा शाल देऊन सत्कार झाला, तेव्हा टाळ्या वाजवायला मीही होते. आता मी इंदापुरात शिकवते. परवा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, नेटवरचं खरं असतं का?” “पुरावा बघितल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नये,” असं उत्तर देताना मला माझ्याच आवाजाची किळस आली.