तळ्यावरची शांतता कमिटी

पोहून अंग पुसेपर्यंत आमच्या तळ्यावर एक तरी किस्सा होतोच! लिहून ठेवायची अक्कल कुणाला नव्हती, आता सगळे एकदम आठवतात. कोल्हापुरात सकाळी पाण्यात पडल्याशिवाय आम्हाला चहा गोड लागत नाही. दोन वर्षांमागं सहलवाल्यांसाठी मोटारबोटी आल्या, उजाडल्यापासनं नुसती फर्रफर्र! आमची सकाळ गेली ती गेलीच.

*

सगळ्यात जास्त गेली ती बापूंची. बापूंना दिसत नाही, पण पोहायला पट्टीचे! काठावर त्यांच्या घरच्या सुशीलाकाकी दगडावर धुणं धोपटायच्या, त्या धपधप आवाजाच्या रोखानं बापू काठ गाठायचे. बोटी आल्या आणि धुणं ऐकू येईना. एकदा बापू भलत्याच काठाला जलपर्णीत अडकले. तेव्हापासनं पायरीवर बसून नुसते पाय भिजवायचे. काकींनी घरी वॉशिंग मशीन घेतलं. आम्हाला ते पाय बघवत नव्हते.

*

"मोर्चा काढूया!" आमचे तात्या पैलवान म्हणाले. काढला! आता हलगीशिवाय मोर्चा हलतोय व्हय? हलगी, घुमकं, कैताळ, सगळं वाजवत म्हापालिकेच्या हापिसावर गेलतो. साहेब बाहेर आले. "मागणी काय?"

तात्या गरजले, "शांतता पायजे!"

साहेब कानात बोटं घालून म्हणाले, "मला पण!"

*

मग एक साहेब आवाज मोजायचं मशीन घेऊन आले. तात्या त्यांच्याशेजारी उभं राहून गाऱ्हाणं सांगायला लागले. साहेबांनी मशीन बघितलं. "पावणं, बोटीपेक्षा तुमचाच आकडा मोठा हाय!"

तात्या चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. वहिनींनी घाबरून डॉक्टरला बोलावलं.

*

बोटवाला मुरगूडचा, माणूस वाईट नव्हता. "वल्हं मारून बोट चालवायला मी काय पैलवान हाय?" एवढंच म्हणाला बिचारा.

तात्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला तालमीत नेलं!

*

शेवटी नियम झाला. सकाळी नऊपर्यंत मोटार बंद. बोर्ड लागला.

पहिल्या सकाळी तळं इतकं गप्प होतं, की आम्हीच दबक्या आवाजात बोलत होतो. काकी बोचकं घेऊन आल्या. इस्त्रीची साडी, बापूंचे घडीचे सदरे!

"काकी, ही तर धुतलेलीच हायत की!"

"गप रं!" म्हणाल्या, आणि धपधप सुरू केलं.

बापू पाण्यात उतरले. झपाझप मधोमध गेले, आणि थांबले. उताणे पडून राहिले. हलेनात! काकींचा हात काही थांबला नाही.

तात्या ओरडले, "बापू, काठ हिकडं हाय! येताय न्हवं?"

पाण्यातनं बापूंचा आवाज आला, "येतोय की. जरा धुऊ दे तिला."