शैलाने आधी आमचे दिवे बंद केले

संध्याकाळी बाजारात भाजी निवडत होते, तेव्हा नेहाचा फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. दुपारी जेवून पडलेली शैला उठलीच नाही... महिना उलटून गेला. तरी कांजूरमार्गच्या आमच्या सोसायटीत तिचा विषय निघाला, की डोळ्यांत पाणी येण्याआधी माझी मान ताठ होते. ही बाई माझी मैत्रीण होती.

शैला मूळची मालवणची, राहायची माझ्याच मजल्यावर. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होती. धाप लागलेल्या मुलांच्या तोंडावर वाफेचा मास्क धरून धरून धुराशी तिचं वैरच झालं होतं. आणि धूर तर इमारतीच्या मागेच होता. गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत मोडक्या फर्निचरचं लाकूड जळायचं, रंग-पॉलिशसकट. रोज घसा खवखवत जाग यायची. सोसायटीने तक्रारीचा अर्ज तयार केला, पण शैलाने सही केली नाही. आधी माणसाशी बोलू या, म्हणाली, आणि मला घेऊन बेकरीत गेली.

मालक सलीमभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या इमारतीकडे बोट दाखवलं. भर दुपारी जिन्यातले दिवे जळत होते. टाकी भरून वाहत होती, तरी पंप चालूच. "माझी भट्टी निदान पाव तरी भाजते, मॅडम," ते म्हणाले. "तुमचे दिवे कोणासाठी जळतात?"

मी चिडले. बाहेर येताच म्हटलं, "चल गं, अर्जच करू." शैला जिन्याकडे बघत उभी होती. "तो बरोबर बोलला ना," ती म्हणाली.

मग दिवे-पंप वेळेवर बंद करा, असं सांगत आम्ही सोसायटीतल्या पाच जणी घरोघर फिरलो. रिटायर झालेल्यांना दुसरं काम नाही, असंही ऐकलं. शैला मात्र रोज जिने चढून हाताने दिवे बंद करायची. शेवटी सेक्रेटरींनाच लाज वाटली. पंप आपोआप बंद व्हायची सोय झाली, आवारातला पालापाचोळा जाळणं थांबलं, त्याचं खत होऊ लागलं. यात वर्ष गेलं. त्यानंतर शैला पुन्हा बेकरीत गेली. "आमचं झालं. आता तुमचं बोला."

लाकूड सोडून गॅसवर जायचं, तर सलीमभाईंना भीती होती ती चव बदलून गिऱ्हाइकं तुटण्याची, जुन्या कारागिरांना ते जमेल का याची. काही झालं तरी पाव तुमचाच घेऊ, असा शब्द शैलाने आमच्या सगळ्यांच्या वतीने परस्पर देऊन टाकला. गॅसची भट्टी आली आणि पहिले काही आठवडे पाव निघाला पांढराफटक, चिवट. शैला तो दारोदार पोचवायची. शिकतायत ते, खा गुपचूप, म्हणायची. आम्ही खाल्ला. हळूहळू कारागिरांचा हात बसला आणि एके दिवशी जुनं धुराडं उतरवलं. शैला खाली उभी राहून शेवटचा पत्रा उतरेपर्यंत बघत होती.

ती गेली त्या दिवशी सलीमभाई बेकरी बंद ठेवून सगळ्या कारागिरांसह आले होते.

परवा शैलाच्या घरी नेहाला भेटायला गेले. कपाट आवरताना तिला आईच्या नोकरीतल्या पांढऱ्या साड्या सापडल्या होत्या. त्या धुऊन तिने गल्लीकडच्या गॅलरीत वाळत घातल्या होत्या. त्या बाजूला पूर्वी कुणी कपडे घालत नसे, तासाभरात काजळी धरायची. मी एका साडीवरून हात फिरवला... बोटांना काही लागलं नाही.