गुडघ्यातली गादी

मी मूळची चिंचणीची. शिकून बोईसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा त्या भागात कारखाने भराभर वाढत होते आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं हिंदीत भांडत असत. सातवीला हाडांचा धडा होता. तो आला की मी मुलांना स्वतःचा कान दुमडून बघायला सांगायची.

"दुमडला, पण मोडला नाही ना? ही कूर्चा. हाडाची मऊ बहीण समजा."

मग पन्नास मुलं आपापले कान पिरगाळत बसायची आणि वर्ग अगदी शांत व्हायचा. गुडघ्यातही कूर्चा असते, हे पुस्तकात एका ओळीत होतं. ती ओळ मी भरभर वाचून पुढे जात असे.

एका वर्षी शाळेच्या क्रीडादिनाला शिक्षिका विरुद्ध दहावीच्या मुली असा खो-खोचा सामना ठरला. मी पंचविशीची, कॉलेजात खो-खो खेळलेली, त्यामुळे पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. खांबाला वळसा घालताना पाऊल जमिनीवर रोवलेलंच राहिलं आणि बाकीची मी वळले. उजव्या गुडघ्यात कट् असा आवाज झाला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला.

आमच्याकडे हाड बसवणारे एक म्हातारेबाबा होते. आईने मला आधी त्यांच्याकडे नेलं. त्यांनी डोळे मिटून गुडघ्यावरून बोटं फिरवली, पाय थोडा वाकवला, थोडा फिरवला. मी ओठ चावून बसले होते.

"हाड शाबूत हाय," ते म्हणाले. "आतली गादी फाटलीय. ते माझ्या हातचं नाय, पोरी. डाक्टरला दाखव."

पालघरच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढला. तो उजेडासमोर धरून ते म्हणाले, "हाडं ठणठणीत आहेत. पंधरा दिवस आराम करा." मी बाबांचं गादीचं बोलणं सांगितलं तर ते नुसते हसले. आईला मात्र ठणठणीत हा शब्द फार आवडला. तिने तो गावभर सांगितला, कारण घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं.

सूज उतरली. मी पुन्हा एसटीने शाळेत जाऊ लागले. पण गुडघ्याने एक नवीनच खोड काढली. खाली बसून उठायला गेलं की तो मध्येच अडकायचा. दाराची कडी अडकावी तसा. वाकायचा, पण सरळ होईना. मग मी जरा इकडे, जरा तिकडे करत बसायची आणि कधीतरी आपोआप सुटायचा. एकदा फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात बेडकाची आकृती काढायला वाकले आणि तास संपेपर्यंत तिथेच राहिले. मुलांना वाटलं, बाई बेडूक फार मनापासून काढतायत.

अशातच केळव्याहून मंडळी मला बघायला आली. मुलगा तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर काम करणारा. सोबत त्याची आई आणि काका. त्यांची केळव्याला पानवेलींची वाडी होती. आईने मला बजावलं होतं, "गुडघ्याचं काही बोलू नकोस. तो बरा झालाय." चहा देऊन मी सतरंजीवर मांडी घालून बसले. प्रश्न झाले, उत्तरं झाली. मुलगा एकदाच बोलला, तेही चहात साखर पुरे आहे एवढंच. काका म्हणाले, "बरं, मुली, ये आता."

मी उठायला गेले आणि गुडघा अडकला.

आधी हसून वेळ मारून नेली. मग पदर सारखा केला. मग बांगड्या. आई डोळ्यांनी खुणावत होती, ऊठ. शेवटी मला त्या सगळ्याचा कंटाळा आला. मी म्हणाले, "मला उठता येत नाही. खो-खो खेळताना गुडघा दुखावला. तेव्हापासून तो असा अडकतो."

काकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे पायाने अधू?" त्यांनी आईला विचारलं. आईचा चेहरा उतरला.

तेवढ्यात मुलाची आई सरकत माझ्याजवळ आली. तिलाही उठता येत नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं. एक हात जमिनीवर, एक मांडीवर, आणि गुडघ्यांतून कुरकुर असा आवाज. तिने माझी टाच हातात धरली.

"पाय ढिला सोड," ती म्हणाली. "माझा भाऊस माडावर चढायचा. त्याचा गुडगा असाच अडकायचा. मीच सोडवायची."

तिने पाय आणखी वाकवला, टाच हळूच बाहेर वळवली आणि ओढत सरळ केला. आत काहीतरी टुपकन जागेवर गेलं. पाय सरळ. इतक्या महिन्यांत इतकं हलकं मला वाटलं नव्हतं. मी तिच्याकडे बघतच राहिले.

काका अजून माझ्या पायाकडे बघत होते. ती त्यांना म्हणाली, "गुडगा अडकतो, ते तिने तोंडाने सांगितलं. आमी किती जणी सांगतो?"

होकार आठ दिवसांनी आला. मी उलट निरोप धाडला, आधी गुडघा, मग लग्न. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तिकडून एवढंच कळलं, की चालेल.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी पाय हातात घेऊन फिरवला आणि लगेच सांगितलं, गुडघ्यातली गादी फाटली आहे, तिची कड दोन हाडांच्या मध्ये अडकते. मी विचारलं, "मग फोटोत का नाही दिसली?"

"फोटोत हाड दिसतं. गादी म्हणजे कूर्चा, ती दिसत नाही," ते म्हणाले. "आणि हाड मोडलं तर जुळून येतं. हिला रक्त फारसं पोचत नाही, म्हणून ही एकदा अशी फाटली की सहसा जुळत नाही. काढावी लागेल. मात्र पुढे वय वाढलं की त्या बाजूला हाडावर हाड घासेल, हे आजच सांगून ठेवतो."

म्हाताऱ्याबाबांना बोटांनी कळलेलं मला इतक्या लांब येऊन कळलं.

शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी केळव्याचा तो मुलगा रात्रपाळी करून भेटायला आला, पिशवीत चिकू घेऊन. बाटलीत ठेवलेला माझ्या गादीचा तुकडा मी त्याला दाखवला. त्याने तो निरखून पाहिला.

"माकुळासारखा आहे," तो म्हणाला.

होता खरा. पांढरा, चिवट, चंद्रकोरीसारखा. मी हसले तर पाय हलून टाके दुखले. त्यानंतर वर्षभर मला मासळीबाजारातला माकूळ बघवत नव्हता.

लग्न झालं. मी केळव्याहून बोईसरला शाळेत जाऊ लागले. मांडी घालून बसणं सुटलं ते सुटलंच, पण गुडघा पुन्हा अडकला नाही. सासूचे गुडघे मात्र वर्षागणिक वाकत गेले. जन्मभर पानवेलीत उकिडवं बसून काम केलेलं. पाय धनुकलीसारखे झाले होते. बोईसरला आलेल्या नव्या डॉक्टरांनी सांगितलं, गादी झिजली आहे, ती परत येणार नाही, मांडीचे स्नायू बळकट करा. आम्हा दोघींनाही एकच व्यायाम मिळाला. घोट्याला रेतीची पुरचुंडी बांधायची, खुर्चीवर बसायचं आणि पाय सरळ उचलून धरायचा.

रोज सकाळी ओटीवर आम्ही दोघी शेजारी शेजारी पाय उचलून बसायचो. येणारेजाणारे थबकून बघायचे.

"तुझी पुरचुंडी हलकी हाय," ती म्हणायची.

"बदलून घ्या मग."

बदलून घ्यायची आणि म्हणायची, "ही पण तेवढीच जड. रेतीच वायट."

तिने वर्षभर तो व्यायाम सोडला नाही. तिचे पाय काही सरळ झाले नाहीत, पण दुखणं निम्म्यावर आलं. उंच पाट घेऊन ती पुन्हा वाडीत पानं खुडायला बसू लागली. माझ्या गुडघ्याने चाळिशीच्या आतच कुरकुर सुरू केली, अगदी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी सासूला ऐकवायला गेले. तिने गुडघ्याला कान लावला.

"माज्यापेक्षा बारीक हाय," ती समाधानाने म्हणाली.

डॉक्टर म्हणत, भुसभुशीत वाळूत चालू नका. म्हणून आम्ही ओहोटीची वेळ बघून समुद्रावर जायचो. तेव्हा पाण्यालगतची वाळू ओटीसारखी घट्ट असते. तिच्या एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. मुंबईहून आलेली माणसं पाण्यात धावत असायची. आम्ही सुरूच्या झाडांपर्यंत जाऊन परत फिरायचो, आणि परतताना ती दर वेळी विचारायची, "आज आणखी थोडं जाऊया काय?"