निंगव्वाला लागलेली गाडी

निंगव्वाला गाडी लागली ही बातमी शेळगीच्या गल्लीत तिच्याआधी गुरम्माला कळली. गुरम्मा शेजारच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायची, शाळेत खिचडी शिजवायची. कामावरून परतताना तिनं चौकातल्या पतसंस्थेच्या फळ्यावर नंबर वाचला आणि धावतच आली. निंगव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. कडक भाकऱ्या करून दुकानांना घालायच्या, हा तिचा धंदा. नवरा गेल्यावर याच भाकऱ्यांवर तिनं मुलीला, दानेश्वरीला, शिकवलं होतं. पिठात हात तसेच ठेवून ती म्हणाली, "थट्टा करू नको गं."

थट्टा नव्हती. दोन हजार पंधरा सालची गोष्ट. पतसंस्थेनं 'सौभाग्य ठेव' काढली होती. पाच हजारांची एक पावती, पावतीला एक नंबर. व्याज मिळणार नाही, पण वर्ष उलटलं की मुद्दल कधीही परत. दर तीन महिन्यांनी सोडत. पहिलं बक्षीस दुचाकी, त्याखाली मिक्सर, कुकर, भिंतीवरची घड्याळं. निंगव्वानं चार पावत्या घेतल्या आणि दुसऱ्याच सोडतीत तिचा नंबर निघाला. अध्यक्षांच्या हातून किल्ली घेताना तिचा फोटो काढला गेला, मोठा करून संस्थेच्या दारात लागला. गाडी कॉलेजला जाणारी दानेश्वरी चालवू लागली.

फोटोनं निंगव्वाला गल्लीत एक वजन आलं. भाजीवाली, शिलाईकाम करणारी, गिरणीत दळपाला येणारी, जी ती विचारायची, खरंच असं लागतं का? निंगव्वा खोटं बोलणारी बाई नव्हती. ती सांगायची, "पैसे बुडत न्हाईत. आन् नशीब आसंल तर लागतंय बी." दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या.

गुरम्माचे माहेरच्या वाटणीचे एक लाख रुपये बँकेत ठेवलेले होते. ती ठेव मोडू का, म्हणून तिनं निंगव्वालाच विचारलं. निंगव्वा बोलून गेली, "घाल की." गुरम्मानं वीस पावत्या घेतल्या.

नऊ वर्षं गेली. निंगव्वा स्वतःही पावत्या वाढवत राहिली. गुरम्माला या काळात एक कुकर लागला आणि एक घड्याळ. दर सोडतीला ती धुतलेलं लुगडं नेसून जायची आणि वीसच्या वीस नंबर मनात म्हणत बसायची. एकदोनदा पैसे काढून घ्यायचं तिच्या मनात आलंही. पण आपण पावती परत करावी आणि पुढच्याच खेपेला तो नंबर निघावा, या धास्तीनं ती दारातून माघारी यायची.

गेल्या वर्षी घरमालकानं खोल्या विकायला काढल्या. तो पुण्याला मुलाकडं चालला होता. माणूस भला. म्हणाला, तुम्ही इतकी वर्षं राहिलात, पहिला मान तुमचा. दसऱ्यापर्यंत दीड लाख विसार द्या, बाकीचं वर्षभरात. बाकीच्याची सोय गुरम्माचा भाऊ करणार होता. विसार मात्र तिला उभा करायचा होता. तिचा नवरा गुरुशांत कारखान्यात चादरी विणायचा. कारखाना बंद पडल्यापासून कुठल्याशा गोदामावर राखणीला होता. दोघांकडं पगाराचा कागद नाही, तेव्हा बँक दारात उभं करेना.

गुरम्मानं वीस पावत्या पतसंस्थेत नेऊन दिल्या. मॅनेजरनं पाणी दिलं, त्याच दिवशी एक लाख रुपये हातात ठेवले. एक रुपया कापला नाही.

संध्याकाळी ती निंगव्वाच्या चुलीशी येऊन बसली. पन्नास हजार कुठून आणायचे, हेच बोलणं चाललं होतं. दानेश्वरी आता एका दवाखान्यात हिशेबाचं काम बघायची. तिनं सहज मोबाईलवर आकडा काढला. मावशीनं पैसे बँकेतच राहू दिले असते, तर आज एक लाख ऐंशी हजारांच्या पुढं गेले असते.

निंगव्वाच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची राहिली. ती म्हणाली, "मग त्यो वरचा पैसा गेला कुटं?"

"गेला कुठं म्हणजे? त्यातनंच बक्षिसं वाटतात, अव्वा. आपली गाडी काय संस्थेनं पदरची दिली न्हाई. लोकांच्या व्याजातनंच दिली."

गुरम्मानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हसली. "मंजे मी बी कुणाला तरी गाडी दिली की."

त्या हसण्यानं निंगव्वा आतून ढासळली. भांडली असती, दोष दिला असता, तर सोपं गेलं असतं. कुणी फसवलं नव्हतं, कुणाविरुद्ध तक्रार करायला जागा नव्हती. नियम पावतीच्या मागंच छापले होते, तिनं नि गुरम्मानं दोघींनीही वाचले होते.

दुसऱ्या दिवशी निंगव्वा स्वतःच्या सोळा पावत्या परत करायला पतसंस्थेत गेली. आपला फोटो काढून टाका, असंही तिनं मॅनेजरला सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, "काकू, तुमच्यामुळं तर लोकांचा विश्वास हाय. आन् फोटो खोटा थोडाच हाय?"

बाकावर करमाळ्याकडची एक बाई पैशाची पिशवी छातीशी धरून बसली होती. ती निंगव्वाकडं बघत राहिली, मग फोटोकडं. "ह्या तुमीच की. खरंच लागली व्हय गाडी?"

"लागली. पर बाई, ऐक माजं. बँकेत ठेव. हितं वाढत न्हाईत पैसे."

"पर बुडत बी न्हाईत न्हवं?"

"न्हाईत बुडत," निंगव्वा म्हणाली. तेवढ्यात खिडकीतून हाक आली आणि ती बाई उठून तिकडं गेली.

ऐंशी हजारांपैकी पन्नास निंगव्वानं गुरम्मापुढं ठेवले. गुरम्मानं ते हातातही घेतले नाहीत. "अक्का, फेडायला माज्याकडं हाय काय? ह्ये घेतलं तर रोज तुज्या दारावरनं मान खाली घालून जायला लागंल. त्यापरीस घर नसलेलं बरं." निंगव्वानं लई विनवलं, गुरुशांतला मधे घातलं, दानेश्वरीला पाठवलं. गुरम्मा हलली नाही. दसरा झाला, आणि खोल्या एका टॉवेलवाल्या व्यापाऱ्यानं गोदामासाठी घेतल्या.

दिवाळीच्या तोंडावर दोघं नवराबायको टेंपोत सामान भरून मंद्रूपला गेली. तिथं भावाच्या घराला लागून एक खोली रिकामी होती. निंगव्वानं वाटेसाठी भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली.

आता निंगव्वाचे पैसे बँकेत आहेत. दानेश्वरी म्हणते, बरं केलंस. बरंच केलं, हे निंगव्वालाही कळतं. पण गिरणीत दळपाला आलेली एखादी नवी सून अजूनही तिला विचारते, आणि निंगव्वा सगळं पहिल्यापासून सांगते, व्याजाचं, गुरम्माचं, नऊ वर्षांचं. सून शेवटपर्यंत ऐकून घेते, आणि हळूच म्हणते, "पर तुमाला लागली न्हवं?"