काकांच्या आवाजात मागितलेलं फिजिक्स

अमेरिकेतल्या आठवणी म्हटल्यावर तुम्हाला काय पाहिजे ते मला चांगलं माहितीय. पोरगा एकटा, बाहेर बर्फ, आत मॅगी, आईचा व्हिडिओ कॉल आणि डोळ्यांत पाणी. नाही मिळणार. बर्फ मिळेल, पण तो फावड्याने काढायचाय. आणि शेवटी मी कसा शहाणा झालो वगैरे वाट बघत असाल तर आत्ताच सांगतो, शेवटी मला फक्त शिव्या बसतात.

ॲन आर्बरला एम.एस. करताना मी एका मराठी घराच्या बेसमेंटमध्ये राहायचो. भाडं कमी, पण त्या बदल्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा, कोणी घसरू नये म्हणून मीठ टाकायचं आणि काकांचं ऐकायचं. बर्फ परवडला.

काका म्हणजे घरमालक. सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या पोस्टवर. बोलायच्या आधी घसा खाकरणार, मग चष्मा कपाळावर चढवणार, मग "बेसिकली". प्रत्येक पार्टीत तोच किस्सा. "बेसिकली मी बारावीला बायो सोडलं आणि क्रॉप सायन्स घेतलं. कांदा कधी लावायचा, खत कधी घालायचं! मित्र हसले मला. पण विषय स्कोअरिंग होता. मार्क पडले, इंजिनीअरिंगला नंबर लागला, आज इथे आहे. बेसिकली कांद्याच्या जिवावर!" मग सगळ्यांनी हसायचं. मी जरा जास्तच हसायचो, भाडं कमी होतं ना.

खाली बेसमेंटमध्ये मात्र तोच कांदा मी परत लावायचो, घशासकट, चष्म्यासकट. नकला हे माझं एकमेव खरं शिक्षण. आमच्या गावच्या शाळेत दाराआड उभं राहून हेडमास्तरांच्या आवाजात मी अख्खा वर्ग घरी सोडला होता. बाकी विषय निवडणं वगैरे आम्हाला माहीतच नव्हतं. बायोच्या सरांची बदली झाली म्हणून आमच्या पूर्ण तुकडीने गणित घेतलं, इतकं सोपं असतंय ते.

माझी प्रेक्षक एकच, काकांची मुलगी. अकरावीत होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर अर्धंअधिक इंग्रजीत. मला दादा म्हणायची. "दादा, डू बाबा अगेन," म्हणून पायऱ्यांवर बसायची आणि पोट धरून हसायची.

तिला एरोस्पेस करायचं होतं, तेही ॲन आर्बरच्याच युनिव्हर्सिटीत. पोरं ढिगाने अर्ज टाकतात आणि घेतात मूठभर. शाळेतली काउन्सेलर, म्हणजे विषय ठरवून देणारी बाई, सगळ्यांना सांगून होती: मार्क बघतातच, पण शाळेत मिळत होतं त्यातलं सगळ्यात कठीण फिजिक्स घेतलंत का, ते आधी बघतात. शाळेचं शेवटचं वर्ष राहिलेलं. थंडीतच पुढच्या वर्षाचे विषय भरायचे असतात. तिने कठीणवालं फिजिक्स पहिल्या नंबरला टाकलं.

आणि हातात पडलं एन्व्हायर्नमेंटल सायन्स. फिजिक्सचा वर्ग भरला, असं बाईंनी सांगितलं.

काकांनी काय थयथयाट केला! पुढच्याच पार्टीत, हातात समोसा घेऊन: "आमच्या पोरीची सीट गेली! मी स्वतः फोन केला. बेसिकली ऐकायलाच तयार नाहीत. काय करणार? हिचं आता पर्यावरण." लोकांनी च्च च्च केलं. एका काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, "अगं, झाडंबिडं पण छान असतात." मी लगेच त्या काकूंचा आवाज काढून तिच्या कानात म्हटलं, "कांदे पण छान असतात." ती हसली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण विनोदाच्या पलीकडे गेलंय. पण मला असलं वेळेवर कधी कळत नाही.

दोन दिवसांनी ती खाली आली. काकू, म्हणजे तिची आई, भारतात गेल्या होत्या, भावाच्या लग्नाला. काका ऑफिसात.

"दादा, बाबा फोनवर टू पोलाइट होतो. म्हणून त्यांनी ऐकलं नाही. यू डू हिम अँग्री."

"म्हणजे?"

"शाळेत फोन कर. ॲज बाबा."

नाही म्हणायला पाहिजे होतं ना? पण तुम्ही कलाकाराला भर दुपारी स्टेज देताय आणि म्हणताय, नाही म्हण.

किचनच्या टेबलावर तिचा फोन, स्पीकर चालू. मी घसा खाकरला. चष्मा नव्हता, तरी हात कपाळापर्यंत गेला. काउन्सेलरने मुलीचं नाव, जन्मतारीख विचारली, सगळं बरोबर दिलं. मग मी सुटलो. "मॅडम, बेसिकली आय ॲम व्हेरी डिसपॉइंटेड! माझी मुलगी, फिजिक्स, आणि तुम्ही झाडं?" पोरगी ओठ दाबून खुर्चीत डुलत होती.

पलीकडून बाई इतक्या मऊ आवाजात बोलली की मला तिची नक्कल करावीशी वाटली. तिचं इंग्रजी मी मराठीत सांगतो, माझंही तसंच. "सर, माझा गोंधळ होतोय. हे तर तुमच्याच सांगण्यावरून झालं. तुम्हीच म्हणालात की तिला झेपणार नाही, ग्रेड खाली येईल, त्यापेक्षा सोपा विषय द्या. वर्ग भरलाय असं तिला सांगा, हेही तुम्हीच म्हणालात. मला ते आवडलं नव्हतं सर."

पोरगी डुलायची थांबली.

"तुमचं वाक्य माझ्या लक्षात आहे," बाई म्हणाली. "ती मेहनती आहे, हुशार नाही."

मला वाटलं, ही आता रडेल, मग फोन ठेवून देऊ, मग मी काहीतरी जोक करेन. ती रडली नाही. माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाली, पूर्ण मराठीत, "बोल ना, बाबा."

आता बघा माझी पंचाईत. काकांचं रागावणं, मिरवणं, वेटरला झापणं, सगळं माझ्याकडे तयार होतं. पण "माझं चुकलं" हे वाक्य काकांच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं. त्याची नक्कल आणू कुठून? शेवटी ते भारतात त्यांच्या आईला फोन करतात तेव्हाचा आवाज काढला. जरा बसलेला, घाईतला.

"मॅडम, आय वॉज राँग. हुशार आहे ती. प्लीज तिला फिजिक्स द्या."

"हे ऐकून बरं वाटलं सर," बाई म्हणाली. जागा होत्याच. आत्ता बदलते, तुम्हाला ईमेल पाठवते.

ईमेल. त्याचा आम्ही दोघांनी विचारच केला नव्हता.

काका नेहमीपेक्षा लवकर आले. बूट न काढताच किचनमध्ये. टाइलवर बर्फाचं पाणी.

"शाळेत कोण बोललं?"

"तूच," पोरगी म्हणाली.

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी फ्रिजकडे.

"हे बघ बेटा," काका म्हणाले, "हे मी तुझ्यासाठीच केलं. बेसिकली तुला तो सब्जेक्ट..."

"झेपणार नाही. माहितीय." तिने तिचा फोन टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला. "काढ ना मग मला फिजिक्समधून परत. फोन कर. स्पीकरवर कर. मी नोट्स काढते. आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग."

काकांनी फोन उचलला. नंबर समोरच होता. अंगठा बराच वेळ तसाच वर राहिला. घसा खाकरला, पण पुढे काही आलं नाही. मग त्यांनी फोन पालथा ठेवला आणि तो न केलेला सगळा फोन माझ्यावर काढला.

"नालायका! माझ्या घरात राहतोस, माझं जेवतोस आणि माझाच आवाज चोरतोस? स्नो काढ म्हटलं की कंबर दुखते तुझी, आणि नकला करायला बरा घसा चालतो? बहुरूपी मेला! डिग्री घ्यायला आलायस की तमाशा करायला? तुझ्या बापाला फोन लावू? लावू का? का त्याचाही आवाज तूच काढशील? बेसमेंटमधलं सगळं वर ऐकू येतं मला! आणि मी बेसिकली कधी म्हणतो रे? बेसिकली मी तो शब्द वापरतच नाही!"

पोरगी जिना चढून निघून गेली. वरचं दार लागलं. काकांचा आवाज एकदम खाली आला, तो त्यांच्या आईवाला.

"बाईंच्या ईमेलमध्ये वाचलं मी, आय वॉज राँग म्हणालास? माझ्या आवाजात? आणि उद्या तिला नाही झेपलं म्हणजे? तेव्हा कोणाच्या आवाजात बोलणारेस, गाढवा?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"तोंड बघू नकोस. बाहेर मीठ टाक आधी. आत्ता घसरलो मी तिथे."